जुनी गाडी ठेवायची की एक्सचेंजला द्यायची: 'निम्म्या किमतीचा नियम' मला पटत नाही

खालचा_गिअर (धागाकर्ता)

पेट्रोल हॅचबॅक, वय १३ वर्षं, रनिंग १,६०,००० किमी, पहिल्या दिवसापासून माझ्याच हातात. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालेलं आहे. आता क्लच घसरतोय, पुढच्या सस्पेन्शनचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) गेलेत आणि एसीचा कॉम्प्रेसर कुरकुरतोय. तिन्हीचा मिळून गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा गाडीच्या एक्सचेंज किमतीच्या निम्म्याहून जरा जास्त भरतो. त्यावर जो तो एकच नियम ऐकवतो: दुरुस्ती निम्म्या किमतीच्या वर गेली की गाडी काढून टाकायची.

गाडी उद्या विकायची असेल तर हा नियम ठीक. दुरुस्तीचा पैसा विक्रीच्या किमतीत परत येत नाही हे मलाही कळतं. पण मला ती चालवायची आहे. बाजारात तिला काय भाव येतो याच्याशी मी तिच्यावर किती खर्च करावा याचा संबंध काय? माझा कल ठेवण्याकडे आहे. विरोधी मतं हवी आहेत; 'तुमची गाडी, तुमचा निर्णय' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

हिशेबाची_वही

नियम चुकीचा आहे याच्याशी सहमत. पण तुमचा हिशेबही अर्धाच आहे. दुरुस्तीचा आकडा ताडायचा तो 'तेवढीच भरवशाची दुसरी गाडी दारात आणायला किती लागेल' याच्याशी. पुढची दोन वर्षं धरा आणि दोन्ही बाजू कागदावर मांडा.

नवीन गाडीच्या बाजूला घसारा, कर्जाचं व्याज आणि वाढलेला विमा येतो. घसारा लोक हमखास विसरतात, कारण तो खिशातून रोख जाताना दिसत नाही. नवीन गाडीची किंमत पहिल्याच वर्षात बऱ्याचदा पाचव्या हिश्श्याच्या आसपास उतरते, मग उतार मंदावतो. तुमची गाडी तो उतार कधीच संपवून बसली आहे. पुढच्या दोन वर्षांत ती आणखी पडून पडून किती पडणार?

जुन्या बाजूला हा खर्च, त्याशिवाय येऊ घातलेला खर्च आणि जादा पेट्रोल. 'येऊ घातलेला' हा शब्द नीट वाचा. तिथेच सगळे स्वतःला फसवतात. आणि 'मागच्या वर्षीच टायर टाकलेत, आता कशी काढू' हे कारण वहीत शून्य धरा. ते पैसे गेले. टायर अजून चालणार आहेत एवढाच त्यांचा उपयोग.

रात्रपाळी

तुम्ही दोघंही वहीत रमलात. मी रात्री हायवेने येजा करते, त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा: धडकेत ही गाडी काय करेल?

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या, गाड्या धडकवून तपासणाऱ्या 'ॲनकॅप' या संस्थेने एकाच मॉडेलच्या दोन पिढ्या तपासल्या. १९९८ ची कोरोला आणि २०१५ ची कोरोला, ताशी ६४ किमी वेगाने, समोरून. जुनीचा सांगाडाच कोलमडला आणि १६ पैकी ०.४० गुण मिळाले, म्हणजे शून्य तारे. नवीला १२.९३ गुण आणि पाच तारे. नाव तेच, गाडीची ख्याती तीच, देखभालीचा काही प्रश्नच नाही. ऑइल कितीही वेळेवर बदला, डिझाइन जुनं ते जुनंच राहतं.

खालचा_गिअर

@रात्रपाळी, १९९८ कुठे आणि माझी १३ वर्षांची कुठे! माझ्या गाडीत दोन एअरबॅग आहेत, एबीएस आहे. सतरा वर्षांचं अंतर दाखवून १३ वर्षांच्या गाडीला घाबरवणं बरोबर नाही.

रात्रपाळी

ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, आहे का?

अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून ती सगळ्या नव्या कारना सक्तीची झाली, युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून. त्या सुमाराच्या स्वस्त हॅचबॅकमध्ये बाकी अनेक ठिकाणी ती नसायचीच. गाडी वळणावर घसरायला लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला रेषेत आणते. एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघाताचा धोका त्याने जवळपास निम्मा होतो, असं अमेरिकेची विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी 'आयआयएचएस' ही संस्था सांगते. ही गोष्ट मागाहून गॅरेजमध्ये बसवून मिळत नाही. हिशेबाच्या वहीत हा रकाना कुठे घालणार ते सांगा.

हिशेबाची_वही

घालता येत नाही, मान्य. पण मग नवीनच का? पाच-सहा वर्षांची ईएससी असलेली वापरलेली गाडी घ्या. सगळ्यात खडा घसारा पहिल्या मालकाने भरलेला असतो. या धाग्यात सगळे 'जुनी की कोरी' असे दोनच दरवाजे असल्यासारखे बोलताहेत.

टोचून_बोलणारी

वापरलेली म्हणजे दुसऱ्याची कटकट विकत घ्यायची, आणि तिचा इतिहास आपल्याला ठाऊक नाही. त्यापेक्षा आपली बरी. किंवा सरळ नवी.

वेळेची किंमत कोणीच मांडली नाही. गाडी गॅरेजला सोडा, 'पार्ट उद्या येतोय' ऐका, आणायला जा, दोन दिवसांनी तोच आवाज परत. असं वर्षात तीन-चारदा झालं की माणूस नव्या गाडीचा हप्ता आनंदाने भरतो. ज्यांच्या घरी दुसरी गाडी आहे त्यांनीच 'जुनी ठेवा' असले सल्ले द्यावेत.

दहाबाराचा_पाना

अहो, गाडीला नक्की काय झालंय त्यावर बोला की आधी. जे तीन खर्च सांगितलेत ते सगळे झिजणाऱ्या वस्तूंचे आहेत. क्लच प्लेट आणि बुश झिजण्यासाठीच असतात. दीड लाख किमीला ते गेले तर गाडीने तक्रारीला जागा ठेवलेली नाही. यावरून गाडी म्हातारी झाली असं कोणी म्हणत असेल तर त्याला गाडी विकायची आहे.

गाडी संपते ती दुसरीकडे. पहिला गंज. दाराच्या कडेला, बॉनेटवर दिसतो तो दिसायला वाईट, बाकी काही नाही. पण दाराखालचा उंबरा, सबफ्रेम (इंजिन-सस्पेन्शन पेलणारी खालची चौकट), सस्पेन्शन जिथे बॉडीला बोल्ट होतं ती जागा, इथला पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचल्यावर आत जात असेल तर क्लचवर पैसा घालू नका. लिफ्टवर चढवल्याशिवाय हे कळणार नाही. वरून पॉलिश मारलेल्या किती गाड्या खालून भुसभुशीत निघतात!

दुसरं इंजिन. कूलंट कमी होतंय पण थेंब कुठेच पडत नाही, गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहतो, ऑइलच्या झाकणाखाली दुधट चिकटा, हे एकत्र दिसलं तर हेड गॅस्केटचा (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या. नुसता चिकटा बघून घाबरू नका, थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो ओलाव्यानेही येतो. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल पितेय. त्यातही थोडंफार पित असेल तर टॉप-अप करून वर्षानुवर्षं चालते. शंका असेल तर कम्प्रेशन टेस्ट करून घ्या, सगळ्या सिलिंडरमधल्या दाबाचे आकडे एकमेकांच्या जवळपास यायला हवेत.

तिसरं टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. तुमच्या गाडीत चेन असेल तर सोडून द्या. बेल्ट असेल तर मॅन्युअलमध्ये किमी आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग चर्चेला धागा लागत नाही. @हिशेबाची_वही यांचा 'येऊ घातलेला' खर्च तो हाच.

पेट्रोलपेक्षा_पाय_बरे

पर्यावरणाचा मुद्दा राहिला. एक लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. जुनी १४ चं ॲव्हरेज देते, नवी २० चं देईल असं धरा. वर्षाला १२,००० किमी फिरलात तर अडीचशे लिटरच्या आसपास वाचतात, म्हणजे जेमतेम ०.६ टन. नवी गाडी बनवण्यातच सहा टन गेले असं धरलं तरी ते भरून निघायला दहा वर्षं. वर्षाला ३०,००० किमी असेल तर चार. तेव्हा कमी फिरणाऱ्याने 'पर्यावरणासाठी नवी घेतो' म्हणू नये.

टोचून_बोलणारी

एक्सचेंजला दिलेली गाडी हवेत विरते की काय? ती दुसरा कोणीतरी घेतो आणि चालवतो. त्याने त्याची आणखी जुनी काढली असेल. तुमचं गणित भंगारात जाणाऱ्या गाडीचं आहे.

पेट्रोलपेक्षा_पाय_बरे

मग नव्याने वाचलेलं पेट्रोलही तुमच्या वाट्याला येत नाही, जुनी ते जाळतेच आहे! तुमच्या मुद्द्याने माझाच पक्ष बळकट झाला.

जुनं_ते_जुनंच

अवांतर: अमेरिकेतल्या इर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ ची व्होल्व्हो पी१८०० एकट्याने तीस लाख मैलांवर नेली, २०१३ मध्ये. म्हणजे ४८ लाख किमी. १,६०,००० ला कसली रडारड?

दहाबाराचा_पाना

त्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स नावाला नव्हतं. आजच्या गाडीचं इंजिन टिकेलही, पण एखादा कंट्रोल मॉड्यूल गेला आणि पार्ट बंद झालेला असला तर गाडी उभी. शिवाय ते गृहस्थ मॅन्युअल तंतोतंत पाळायचे. इथे किती जण ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलतात? ते हवेतला ओलावा शोषतं हेच अनेकांना माहीत नसतं.

हिशेबाची_वही

शेवटी एक्सचेंजलाच दिलीत तर दोन सौदे वेगळे ठेवा. आधी जुनी गाडी आहे हे न सांगता नवीची अंतिम किंमत लिहून घ्या. मग जुनीचा भाव विचारा. 'एक्सचेंज बोनस' मोठा दिसतो तेव्हा नवीवरची सूट तेवढीच आटलेली असते. बाहेर थेट गिऱ्हाईकाला विकून बहुधा जास्त मिळतात, फक्त दारावरची वर्दळ सोसायची तयारी हवी. आणि विकण्याआधी क्लच, एसी करत बसू नका, दोष सांगून किंमत कमी करा.

खालचा_गिअर

सगळ्यांचे आभार. ईएससी नाही, मॅन्युअल उघडून पाहिलं. चेन आहे, बेल्ट नाही. फिरणं वर्षाला दहा हजारांच्या आत, बहुतेक गावातल्या गावात, रात्रीचा हायवे क्वचित. लिफ्टवर चढवून खालचा पत्रा टोचून बघायला सांगितलंय. तो घट्ट निघाला तर क्लच आणि बुश करून दोन वर्षं ठेवतो, तेवढ्यात ईएससीवाली वापरलेली शोधत राहीन. एसी मात्र सोडून देतो, तेवढाच आकडा खाली येईल.

दहाबाराचा_पाना

एसी सोडू नका. कुरकुरणारा कॉम्प्रेसर जाम झाला तर त्याचा पट्टा तुटतो, आणि अनेक गाड्यांत त्याच पट्ट्यावर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) असतो, काहींत पाण्याचा पंपही. नवीन नको असेल तर निदान पट्टा कशाकशाला फिरवतो ते विचारा.

रात्रपाळी

आणि दमट हवेत समोरची काच आतून धुरकटते ती एसीनेच लवकर निवळते. क्वचितच्या हायवेलाही काचेतून बघावं लागतंच. तुमचा आकडा पुन्हा निम्म्याच्या वर गेला. बोला आता.