उ: तलावाकाठची सायकल – मयेऐवजी साळावली

गोव्यात तलावाकाठी सायकल कुठे चालवावी, या प्रश्नावर वर मये तळ्याची शिफारस झाली आहे. तळे सुंदर, वाद नाही, पण रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. शांतताच हवी असेल तर सांगेजवळच्या साळावली धरणाचा जलाशय बघा. पूर्ण प्रदक्षिणा मात्र होत नाही, गेल्या वाटेनेच परतावे लागते. आम्ही पहाटे निघालो तेव्हा समोरून आला तो फक्त पोदेर, म्हणजे पाववाला, तोही सायकलवरच, भोंगा वाजवत. मागच्या टोपलीतले चार उंडे (गोल पाव) घेतले आणि चालतानाच संपवले!

एक गोष्ट इथे कोणी लिहिलेली दिसली नाही. मे महिन्यात पाणी उतरले की धरणात बुडालेले कुर्डी गाव वर येते. शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म 1904 साली झाला तेच हे. चिऱ्याची जोती, विहिरींचे कठडे, माडांचे काळे खुंट दिसतात. वाडें आणि वालकिणीला पुनर्वसन झालेले जुने रहिवासी त्या दिवसांत सोमेश्वराच्या देवळात उत्सवाला जमतात. तेवढा दिवस सोडला तर चिटपाखरू नसते. फक्त काठावरचा चिखल वरून वाळलेला, भेगाळलेला दिसला तरी त्यावर सायकल घालू नका. माझे पुढचे चाक निम्मे आत गेले होते. चेनमधली माती घरी काडीने टोकरून काढली, अर्धा दिवस गेला. आणि पाणी जास्तीचे न्या, सावली अजिबात नाही.