मदत हवी आहे: चोवीस वर्षांनी पुन्हा रिकिबीत पाय, आता घोडा घेऊ की थांबू?

मंडळी, नमस्कार. इथे बऱ्याच जणांकडे स्वतःची जनावरं आहेत हे जुने धागे वाचून कळलं, म्हणून थेट विचारते.

वयाच्या अकराव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत मी घोड्यावर होते. शेवटची सात वर्षं स्वतःची घोडी होती, कुमैत, कपाळावर चांदणी. मग नोकरी, बदल्या, मूल, घरातली आजारपणं. घोडी ओळखीच्या घरी दिली, तिथेच ती म्हातारी होऊन गेली. खोगीर मात्र विकायला हात धजावला नाही. ते चोवीस वर्षं माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून पडलंय. आता मी सत्तेचाळीसची आहे, लेक शिकायला बाहेर असते, आणि गेले चार महिने आठवड्यातून दोनदा एका पागेवर जाते.

पहिल्या दिवसाची गंमत सांगते. मोतद्दारानं दोर हातात दिला आणि मी त्याच्याशी बोलता बोलता घोडा खांबाला बांधून मोकळी झाले. खाली बघितलं तर एका झटक्यात सुटणारी तीच जुनी गाठ! विचार करून बांधायला सांगितली असती तर जमली नसती. म्हटलं, वा, काही विसरलेलं नाही. पुढच्याच मिनिटाला डावा पाय रिकिबीत घालून उडी घेतली, आणि उजवा पाय वर जाईचना. बुटाची टाच घोड्याच्या पुठ्ठ्यावर आपटली, तो बिचारा दोन पावलं सरकला, आणि मी पोटावर आडवी, धान्याचं पोतं टाकावं तशी. मोतद्दारानं हसू दाबलं. त्याचे आभार.

चाल आणि ट्रॉट (दुडकी) आता ठीक आहे. घोडं अडतंय ते कँटरला, म्हणजे त्यापुढच्या दौडीला. मास्तर म्हणतात ‘सोडा आता’, आणि माझ्या पोटात गोळा येतो, हात आपसूक लगाम ओढतात. एकेकाळी मी खोगिराशिवाय चर उडवलेत हो! मांड अजून शाबूत आहे असं मास्तरही म्हणतात. मग ही भीती कुठून आली?

खरा प्रश्न पुढे आहे. पागेतलाच एक चौदा वर्षांचा खच्ची केलेला घोडा विकायचा आहे. मालक परगावी चाललेत, पंधरा दिवसांत काय ते सांगा म्हणतात. मी त्याच्यावर सहा वेळा बसले, शांत आहे, तोंडाचा मऊ आहे, म्हणजे लगाम जरासा हलवला तरी ऐकतो. फक्त तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की कान मागे पाडतो, शेपूट आपटतो आणि मान वळवून माझ्या कोपरावर दात काढतो. मालक म्हणतात, ‘खोडच आहे त्याची, दुर्लक्ष करा.’ आमच्या वेळी अशा घोड्याला कोपर दाखवून गप्प करायचे, मीही केलंय. आता ते करवत नाही.

तर, आधी भीती जाऊ द्यावी की घोडा घ्यावा? तपासणीत काय बघू? माळ्यावरचं खोगीर आणि त्याच वेळचं हेल्मेट चालेल का? आणि माझ्या वेळचं काय काय आता बदललंय? चढल्यावर गुडघाही दुखतो, पण ते सगळ्यात शेवटी.

*

भटकभवानी: ताई, हेल्मेट आजच्या आज टाकून द्या. आतला फोम वर्षांनुवर्षं कडक होतो, साधारण पाच वर्षांनी बदलायचं असतं, आणि एकदा डोक्यावर पडलात तर त्याच दिवशी. बाहेरून धड दिसतं म्हणून फसू नका. बाकी जाणकार सांगतीलच.

*

पुन्हा_स्वार: मी बावन्नाव्या वर्षी परत सुरुवात केली, आता छप्पन चालू आहे. भीतीबद्दल बोलतो, कारण त्यावर कोणी धड बोलत नाही.

तुमची मांड शाबूत आहे म्हणून भीती जाईल असं धरू नका, दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पंधराव्या वर्षी आपण पडायचो आणि माती झटकून उठायचो. आता पडलं तर सहा आठवडे प्लास्टर, आणि तेवढ्यात घरचं कोण बघणार, हा हिशेब डोक्यात घोड्याआधी पळतो. तो हिशेब चुकीचा नाहीच मुळी. मी तो दाबायचा प्रयत्न केला, मास्तरांना ‘सगळं ठीक’ म्हणत राहिलो, आणि तिसऱ्या महिन्यात पडलो. घोड्यानं काही केलं नव्हतं. मी आखडलो, लगाम ओढला, त्याच वेळी टाचाही लावल्या. पुढे जाऊ की थांबू हे त्याला कळेना, तो आडवा सरकला आणि मी सरळ गेलो.

नंतर मास्तरांनी मला लांब दोरीवर घेतलं. घोडा त्यांच्या हातात, गोल फिरतोय, माझ्याकडे लगामच नाही. एक हात आयाळीत. कँटर फक्त सहा-सात टापा, मग पुन्हा ट्रॉट. ‘किती टापा ते तुम्ही ठरवा’ म्हणाले. लगाम नसला की ओढायला काही उरत नाही, मग कंबर आपोआप चालायला लागते. हे मागून घ्या, लाजू नका.

आणि जमिनीवरून चढणं बंद करा. ठोकळ्यावरून चढा. वय झालं म्हणून नव्हे. खालून चढताना खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि त्याचा पीळ घोड्याच्या पाठीला बसतो.

*

पागेवाला: पंधरा दिवसांची घाई मालकाची आहे, तुमची नाही. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. हा चौदाचा आहे, म्हणजे अजून दहा-पंधरा वर्षं तो तुमच्या गळ्यात. शेवटची काही तर स्वारीविना. ते झेपणार असेल तरच पुढचं बोला.

*

निवृत्त_पशुवैद्य: तंगाचं जे वर्णन केलंय त्यावर जरा सविस्तर लिहितो, माझ्या मते या धाग्याचा गाभा तोच आहे.

तंग आवळताना दात काढणारा घोडा खोडकरच असतो असं आम्हीही पूर्वी मानायचो. तो निव्वळ सवयीनंही तसं करू शकतो, म्हणजे कधीतरी दुखलं होतं आणि आता नुसत्या आठवणीनं. पण आधी दुखणं शोधायचं, सापडलं नाही तरच सवय म्हणायचं. क्रम उलटा करू नये.

शोधायचं कुठे? पहिलं, खोगीर. त्याचा आतला सांगाडा अरुंद असेल तर खांद्यामागे चिमटा बसतो. दुसरं, जठरातले व्रण. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, तो खात असो वा नसो. लाळ मात्र चावतानाच सुटते, आणि आम्ल सौम्य करते ती लाळ. मोकळ्यावर हे जनावर दिवसाचे चौदा-सोळा तास चरतं. आपण त्याला दोन वेळा चंदी घालून मधे आठ-आठ तास रिकामं उभं करतो. जठराच्या वरच्या भागाला संरक्षक थर नसतो, आणि रिकाम्या पोटी ट्रॉट केला की आम्ल तिथपर्यंत उसळतं. म्हणून उपाशी घोड्यावर स्वारी नको, आधी चार घास वैरण पोटात हवी. व्रण आहेत की नाहीत हे नक्की कळतं ते दुर्बिणीनंच. तिसरं, दात. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, कडा धारदार होऊन गाल सोलतात. त्याचा तंगाशी थेट संबंध नाही, पण ‘तोंडाचा मऊ’ म्हणताय ना? कधी कधी तो मऊपणा नसतो, घोडा दुखऱ्या तोंडानं लगाम टाळत असतो. तपासून घ्या.

स्वारीच्या वेळेसाठी पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली चोवीस वर्तनांची यादी मांडली: कान बराच वेळ मागे, तोंड उघडं, शेपटीचे फटकारे, डोकं तिरकं धरणं वगैरे. त्यातली आठ किंवा जास्त दिसली तर दुखण्याची शंका घ्यायची. कोणाला तरी बाजूला उभं करून मोबाईलवर चित्रण करायला सांगा आणि घरी शांतपणे मोजा. वर बसल्यावर यातलं निम्मंही दिसत नाही.

खरेदीपूर्व तपासणी मालकाच्या डॉक्टरांकडून नको, तुमच्या. प्रत्येक पाय मिनिटभर वाकवून धरायचा आणि लगेच ट्रॉट करायला लावायचा, लपलेला लंगडेपणा तिथे उघडा पडतो. रक्त काढून ठेवायला सांगा, वेदनाशामक देऊन शांत उभा केलेला घोडा मी पाहिलाय, एकदा नव्हे.

काय बदललं हे विचारलंत. जंताचं औषध. पूर्वी दर दोन महिन्यांनी सरसकट पाजायचो, त्यानं जंतच औषधाला दाद देईनासे झाले. आता आधी लिदीतली जंतांची अंडी मोजतात, मग ठरवतात. अंगावरचं मांस बघायला अमेरिकन संशोधक डॉन हेनेके यांची १९८३ सालची एक ते नऊची मोजपट्टी आहे, ती तुमच्या वेळीही होती, पण आता ती सर्रास वापरतात. पाच म्हणजे फासळ्या दिसत नाहीत पण हाताला लागतात. आपल्याकडच्या डोळ्याला हा घोडा ‘बारीक’ वाटतो आणि लोक चंदी वाढवतात. वाढवू नका.

*

अश्विनी_नक्षत्र: वरच्या प्रतिसादाला +१. थोडी भर: एकदा न कळवता जा. तुम्ही पोचायच्या आधीच घोडा खोगीर घालून, घाम पुसून तयार असेल तर काहीतरी लपवलं जातंय. दावणीवरून सोडण्यापासून सगळं डोळ्यांदेखत होऊ द्या, आणि आधी मालकांना बसू द्या. मग तुम्ही.

गुडघ्यासाठी रिकीब एक भोक खाली घेऊन बघा. तरुणपणीच्या मापाला चिकटून बसतो आपण.

*

पागेवाला: आणि अर्धा वाटा हा पर्याय विचारलात का? नव्या मालकाला किंवा पागेला. तीन दिवस तुमचे, तीन त्यांचे, एक दिवस घोड्याचा.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. निवृत्त_पशुवैद्य काका, तुमचा प्रतिसाद छापून पागेवर नेला. लगेच लिहिलं नाही, कारण काहीतरी हाती लागल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

चित्रण केलं. मुलीला खास बोलावलं होतं. माझी आणि तिची मोजणी जुळेना, मी सहावर थांबले, तिनं नऊ मोजली. तिला घोड्यांतलं काही कळत नाही, म्हणून तिची मोजणी मी जास्त खरी मानतेय. मला तो घोडा आवडतो ना, मी त्याचे कान सोडून देत होते.

माझ्या डॉक्टरांनी तपासलं. पायांत काही नाही. डाव्या बाजूच्या दोन दाढांच्या कडा धारदार, आतून गालाला जखम. खोगिराखालची चादर काढली तर खांद्यामागे दोन्हीकडे पांढऱ्या केसांचे डाग, तळहाताएवढे. मी सहा वेळा खरारा केला होता त्या जागी. दिसले होते, पण मला वाटलं त्याचा रंगच तसा असेल! डॉक्टर म्हणाले, दाबानं केसांची मुळं दुखावली की तिथे पांढरे केस येतात. जठराची दुर्बीण पुढच्या आठवड्यात आहे.

मालकांना सगळं दाखवलं. रागावले नाहीत. ‘मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं’ म्हणाले, आणि मला ते पटलं. सध्या पागेनं तो ठेवून घेतलाय, अर्धा वाटा माझा, सहा महिने. दातांच्या धारदार कडा घासून झाल्या. स्वारी पूर्ण बंद, रोज संध्याकाळी त्याला नुसता दोरीनं फिरवते.

माझं जुनं खोगीर माळ्यावरून काढलं. तंगाचे पट्टे वाकवले तर टाचेसारख्या भेगा पडल्या, शिवण हातात आली. पट्टे बदलून मिळतील, पण ते माझ्या घोडीच्या पाठीचं होतं, याच्यावर आडवं डुलतं. परत चादरीत गुंडाळलं.

कँटरचं म्हणाल तर पुन्हा_स्वार दादांचा उपाय पागेतल्या म्हाताऱ्या घोडीवर केला. पहिल्या दिवशी चार टापा. काल अकरा. अकराव्या टापेला मीच ‘बस’ म्हणाले, आणि मग चिडले स्वतःवर, कारण अजून दोन सहज जमल्या असत्या.

आता पुढचा प्रश्न, नवा धागा न काढता इथेच विचारते: चढायचा ठोकळा दोन पायऱ्यांचा घ्यावा की तीन?

*

पागेवाला: तीन. आणि खालून रुंद.