अनुभव धागा: ओहायो स्टेट की नोटर डेम? सोमवारच्या फायनलआधी तुमची निरीक्षणं लिहा

धागाकर्ता

सोमवारी, २० जानेवारी २०२५ ला, अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियमवर अमेरिकन कॉलेज फुटबॉलची (विद्यापीठांच्या संघांची) फायनल आहे. तिकडे पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे साडेसात, आपल्याकडे मंगळवारी सकाळचे सहा. बारा संघांची बाद फेरी यंदा पहिल्यांदाच झाली आणि शेवटी उरले ते सातवं मानांकन असलेले नोटर डेम (१४ विजय, १ पराभव) आणि आठवं असलेले ओहायो स्टेट (१३-२). नोटर डेमचं याआधीचं विजेतेपद १९८८ चं, ओहायो स्टेटचं २०१४ च्या हंगामातलं.

नुसतं 'कोण जिंकणार' लिहू नका. हंगामभर सामने बघून काय टिपलंत ते लिहा. नजर कुठे ठेवायची, काय बिघडू शकतं, आणि का. तिकिटांचे किस्से आणि पार्किंगमधल्या पार्ट्या यांना वेगळा धागा आहे.

लाल-करडा

आमच्या ओहायो स्टेटच्या रिसीव्हरपासून (पास झेलणारा), जेरेमाया स्मिथपासून सुरुवात करतो. ओरेगॉनविरुद्ध रोझ बोलमध्ये (उपांत्यपूर्व सामना) ७ झेल, १८७ यार्ड, २ टचडाऊन. टेक्ससविरुद्ध कॉटन बोलमध्ये (उपांत्य सामना) १ झेल, ३ यार्ड. पोरगं तेच, कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं. टेक्ससने एक कॉर्नर (रिसीव्हरला राखणारा बचावपटू) त्याच्या अंगाला चिकटवला आणि वर राखणीला एक सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) ठेवला, एवढाच फरक. पण बचावाकडेही माणसं अकराच. दोन एकाच्या मागे लावली की दुसरीकडे एक कमी पडणारच. त्या दिवशी कार्नेल टेटने ७ झेल घेतले, आणि मध्यंतराच्या तोंडावर ट्रेव्हियॉन हेंडरसन साध्या स्क्रीन पासवर (आखूड पास, पुढे अडवायला साथीदार) ७५ यार्ड सुटला.

नोटर डेमचे बचाव प्रशिक्षक अल गोल्डन यांचा भर 'माणसाला माणूस' लावण्यावर. ते घरबसल्या ओळखता येतं. स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या) आधी ओहायो स्टेटचा एक जण आडवा चालत दुसऱ्या बाजूला जातो, तेव्हा चेंडूकडे बघू नका, समोरच्यांकडे बघा. त्याच्यामागे एक जण धावत गेला तर माणसाला माणूस. सगळे जागच्या जागी एखाद-दोन पावलं सरकले तर झोन, म्हणजे ज्याने त्याने आपापली जागा राखायची.

हा बचाव फोडण्यासाठी आक्रमण प्रशिक्षक चिप केली दोघा-तिघांना खेटून उभं करतात. ते एकमेकांना कापत सुटले की बचावपटूला साथीदाराच्या अंगावरून वळसा घालावा लागतो. अर्ध्या पावलाची फट पडते, स्मिथला तेवढी पुरते.

आणखी एक. माणसामागे पळणाऱ्याची पाठ क्वार्टरबॅककडे (पास फेकून आक्रमण चालवणारा) असते. थर्ड डाऊनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) सहा-सात यार्ड हवे असताना आमचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड चेंडू घेऊन स्वतःच पळाला तर आठ-दहा यार्ड होईपर्यंत कोणाला पत्ता नसतो. सगळे लांब पासची चर्चा करताहेत, मी हे पळणं मोजणार आहे.

सोनेरी टोपडं

हॉवर्डचं पळणं ठीक आहे, पण ते मुळात आमच्या नोटर डेमच्या क्वार्टरबॅकचं, रायली लेनर्डचं दुकान!

क्वार्टरबॅक पळतो त्याचं गणित सरळ आहे. चेंडू धावपटूच्या हातात दिला की क्वार्टरबॅक नुसता बघ्या, म्हणजे दहा विरुद्ध अकरा. तोच पळाला की धावपटू पुढे जाऊन एकाला अडवतो, आणि हिशोब अकरा विरुद्ध अकरा होतो. तोडगा म्हणून ओहायो स्टेटला एक सेफ्टी पुढे आणावा लागेल. तो बहुतेक केलेब डाऊन्स असेल. (आडनाव डाऊन्स! 'थर्ड डाऊनला डाऊन्स' हे वाक्य मंगळवारी किती वेळा ऐकावं लागेल कोण जाणे.) तो पुढे आला की मागे फट, आणि तिथे टाइट एंड (अडवणाराही आणि पास झेलणाराही) मिचेल इव्हान्स.

नोटर डेमला जिंकायचं तर दोन्ही संघांच्या मिळून आक्रमणाच्या पाळ्याच कमी व्हायला हव्यात. प्ले क्लॉक (पुढचा प्ले सुरू करायची मुदत) ४० सेकंदांचं. शेवटच्या तीन-चार सेकंदांत स्नॅप घ्यायचा, धाव मैदानाच्या आतच संपवायची म्हणजे घड्याळ चालू राहतं. बारा प्लेची अशी एक पाळी सहा-सात मिनिटं खाते, आणि क्वार्टर १५ मिनिटांचा. मात्र १४ गुणांनी मागे पडलं की ही सगळी योजना कचऱ्यात, कारण मग घड्याळ समोरच्याच्या बाजूने चालतं.

काळजी डाव्या टॅकलची (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या रांगेचं डावं टोक). अँथनी नॅप ऑरेंज बोलमध्ये (पेन स्टेटविरुद्धचा उपांत्य सामना) घोटा दुखावून बाहेर गेला. आता चार्ल्स जगूसाचं नाव घेतलं जातंय, तो स्वतः मोठ्या दुखापतीतून नुकता परतलेला. समोर ओहायो स्टेटचे जॅक सॉयर आणि जेटी टुइमोलोआऊ. लेनर्ड उजव्या हाताचा, म्हणजे डावी बाजू त्याच्या पाठीमागची. तिकडून येणारा त्याला दिसतच नाही.

दगडफोड्या

मंडळी रिसीव्हरमध्ये रमली आहेत. सामना आक्रमणाच्या पुढच्या रांगेतल्या मधल्या पाच जणांत आहे.

ओहायो स्टेटचा डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरपासून बाहेर, सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिन नोव्हेंबरपासून. डोनोवन जॅक्सन मूळचा गार्ड, त्याला टॅकलला नेलंय. मिशिगनविरुद्ध १३-१० ने हरले ते या रांगेच्या जिवावर मिशिगनच्या मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट यांच्या अंगावर पुन्हापुन्हा धावून. तेव्हा ती जिद्द नव्हती, हट्ट होता.

पण गंमत बघा, सोमवारी तोच हट्ट शहाणपणाचा ठरू शकतो. नोटर डेमचा रायली मिल्स इंडियानाविरुद्ध गुडघ्याला लागून हंगामाबाहेर गेला, मधल्या फळीत आता पूर्वीइतकं वजन नाही. ओहायो स्टेटचा धावपटू क्विन्शॉन जडकिन्सला मधून चार-चार यार्ड मिळायला लागले की सेफ्टी पुढे सरकतील, आणि मग स्मिथ एकटा सापडेल. पहिल्या दोन पाळ्यांत जडकिन्सला पहिला धक्का कुठे लागतो ते बघा. प्ले सुरू होतो त्या रेषेच्या मागे लागला तर मिशिगनची पुनरावृत्ती, दोन यार्ड पुढे लागला तर नोटर डेमचं कठीण आहे.

हॅशमार्क

एनएफएल (तिकडची व्यावसायिक लीग) बघणाऱ्यांसाठी एक माप. मैदानाची रुंदी १६० फूट. कॉलेजमध्ये दोन हॅशमार्कमधलं (प्ले ज्या पट्ट्यातून सुरू होतो त्याच्या दोन कडांच्या खुणा) अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणून कॉलेजमध्ये चेंडू हॅशवर असेल तर एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट मैदान उरतं. रुंद बाजूला कोण एकटा उभा आहे ते प्रत्येक स्नॅपला बघा, निम्मा डाव कळतो.

याच्या उलट गोललाइन. टेक्ससला शेवटच्या क्वार्टरमध्ये बरोबरीसाठी फक्त १ यार्ड हवा होता. पहिल्या प्लेवर काही मिळालं नाही. दुसऱ्यावर त्यांनी चेंडू मागे, बाजूला टॉस केला. एक यार्ड हवा असताना चेंडू आधी पाच-सहा यार्ड मागे नेणं, तेही एवढ्या चपळ बचावासमोर! ७ यार्ड गमावले. चौथ्या डाऊनला सॉयरने टेक्ससचा क्वार्टरबॅक क्विन इव्हर्सच्या हातून चेंडू उडवला आणि ८३ यार्ड पळत नेऊन टचडाऊन केला. २८-१४. लेनर्ड असताना नोटर डेमने एका यार्डासाठी असले लाड करू नयेत. सरळ घुसावं.

पायलट

कोणी किकरचं नाव काढेना. नोटर डेमच्या मिच जेटरने पेन स्टेटविरुद्ध ७ सेकंद उरले असताना ४१ यार्डांवरून फील्ड गोल (तीन गुणांची किक) मारून २७-२४ केलं. ओहायो स्टेटच्या जेडन फील्डिंगचे मिशिगनविरुद्ध दोन हुकले. अटलांटात छत आहे, वाऱ्याची सबब नाही. सामना तीन गुणांच्या आत आला तर माझं मत नोटर डेमला.

पहाटे सहा

भारतातून नव्याने बघणाऱ्यांसाठी, जिथे हमखास गोंधळ होतो तेवढंच:

झेल घेताना एक पाय आत टेकला तरी चालतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. कोणी हात न लावता खेळाडू घसरून गुडघ्यावर पडला तरी प्ले संपला. पहिल्या डाऊननंतर घड्याळ थांबतं ते फक्त प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत. डोक्याने किंवा डोक्यावर धडक दिली तर 'टार्गेटिंग': रिप्लेवर कायम झालं की खेळाडू बाहेर. बरोबरी झाली तर दोघांनाही २५ यार्डांवरून एकेक पाळी. दुसऱ्या जादा फेरीपासून टचडाऊननंतर दोन गुणांचाच प्रयत्न सक्तीचा, तिसरीपासून नुसते दोन गुणांचे प्रयत्न आलटून पालटून.

साडेतीन तास धरून चला. नऊच्या मीटिंगला हो म्हणू नका.

लाल-करडा

@सोनेरी टोपडं, घड्याळाचं पटलं. पण २०२३ विसरलात का? साउथ बेंडला, तुमच्याच घरी, शेवटच्या दोन प्लेंना तुमचे दहाच जण मैदानात होते, आणि १ सेकंद उरलेला असताना आम्ही त्याच मोकळ्या जागेतून घुसलो. १७-१४.

सोनेरी टोपडं

विसरू देता कुठे तुम्ही! पण त्यानंतर आमचे मुख्य प्रशिक्षक मार्कस फ्रीमन यांनी (मूळचे तुमचेच लाइनबॅकर, बरं का) माणसांची मोजदाद उलट हत्यार म्हणून वापरली. जॉर्जियाविरुद्ध चौथा डाऊन, १ यार्ड हवा, चेंडू स्वतःच्या १८ यार्डांवर. पंटचा (चेंडू लाथेने लांब देऊन टाकण्याचा) संघ मैदानात आला, मग अकराच्या अकरा बाहेर आणि आक्रमणाचे अकरा आत. जॉर्जियाची धावपळ झाली, एक जण स्नॅपआधीच रेषा ओलांडून गेला. पाच यार्डांचा दंड आणि फुकटचा पहिला डाऊन.

सट्टेबाजांनी तुम्हाला साडेआठ गुणांच्या आसपास वरचढ धरलंय. मी नोटर डेम २४-२३ म्हणतो. पंट करायला आलो की अकरा मोजा.

दगडफोड्या

ओहायो स्टेट ३१-२०. जगूसा पहिल्या दहा पासांत सॉयरसमोर टिकला तर आकडे बदलून देतो.