'होमग्रोन' अतिरेक्याला मराठीत काय म्हणायचं?

निशिगंध: एक लेख मराठीत करतेय, त्यात होमग्रोन एक्स्ट्रीमिस्ट, म्हणजे बाहेरून न येता त्याच देशात वाढून अतिरेकी झालेला, हा शब्द सारखा येतोय. 'स्वदेशी अतिरेकी' लिहिलं तर जाहिरात केल्यासारखं वाटतं :) 'घरभेदी' चालेल का?

तिरपागडा: अजिबात नको. घरभेदी म्हणजे शत्रूला आतून दार उघडून देणारा, बिभीषण टाइप. १९९५ ला ओक्लाहोमा सिटीत स्फोट करून १६८ माणसं मारणारा टिमोथी मॅकव्हे कुणाला फितूर होता? आखाती युद्धात लढून आलेला सैनिक, आपल्याच सरकारवर दात धरून बसलेला. सरळ 'देशांतर्गत' लिही.

अर्धविराम: देशांतर्गत म्हटलं की विमानसेवाच आठवते. शिवाय त्यात तिथेच वाढल्याची छटा कुठे येते? ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये बॉम्बस्फोटांत ५२ जण गेले, ते स्फोट करणाऱ्या चौघांपैकी तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले, आणि त्यांचा म्होरक्या सिद्दीक खान तर प्राथमिक शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत करायचा, बायको-मुलगी असलेला संसारी माणूस. 'इथेच घडलेला' बघ.

निशिगंध: हां, हे आवडलं. आणि रॅडिकलायझेशनला, म्हणजे माणूस अतिरेकी विचारांकडे वळत जातो त्याला, 'माथी भडकवणं' लिहिलंय, ठीक ना?

अर्धविराम: माथी जमावाची भडकतात, भाषण ऐकलं की दगड उचलला. हे प्रकरण महिनोन् महिने शिजतं आणि भडकवणारा कुणी वेगळा असतोच असं नाही. मार्क सेजमन म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांनी अतिरेक्यांची चरित्रं तपासली तर बरेचसे दोस्ती नि नात्यागोत्यातून आत गेलेले दिसले, म्हणजे आधी टोळकं जमतं आणि विचार मागाहून पक्का होतो. २०१३ चा बोस्टनचा स्फोट घ्या, करणारे दोघे सख्खे भाऊ. मला तर आपलं 'नादी लागणं' जवळचं वाटतं, त्यात लागणाऱ्याची मर्जीपण येते, ब्रेनवॉशमध्ये ती गायबच.

तिरपागडा: नादी पत्त्यांच्या लागतात हो. आणि ब्रेविक कुणाच्या नादी लागला? २०११ ला नॉर्वेत ७७ माणसं मारली, एकट्यानेच.

निशिगंध: मग त्याला 'माथेफिरू'? पेपरवाल्यांचा लाडका शब्द आहे.

तिरपागडा: तोही नको. पहिल्या तपासणीत त्याला वेडा ठरवलेलं, दुसऱ्या तपासणीत शहाणा, आणि २०१२ ला कोर्टाने शहाणा धरूनच शिक्षा दिली. माथेफिरू म्हटलं की का केलं हे विचारायचीच गरज उरत नाही.

अर्धविराम: +१. मग 'कट्टर होत जाणं' घ्या, त्यात दोस्तांबरोबर गेलेला पण बसतो आणि एकटा नेटवर वाचत बसलेला पण.

निशिगंध: ओके, 'इथेच घडलेला अतिरेकी' पहिल्यांदा, पुढे नुसतं अतिरेकी, आणि 'कट्टर होत जाणं'. संपादक 'कट्टरतावादीकरण' करून छापणार ते वेगळं.