स्टार्टअप फंडिंगअभावी नाही, बिलं अडकल्यामुळे बंद पडतात

भांडुपकर: काल इथे एकाने लिहिलं, "मुंबईत स्टार्टअप टिकत नाहीत, कारण मराठी मुलं फंडिंगला घाबरतात." रात्री झोप लागली नाही. माझी सहा जणांची कंपनी होती, गोदामातल्या स्टॉकचं सॉफ्टवेअर करायचो. एका बड्या गिऱ्हाइकाला १० लाखांचं बिल लावलं, वर १.८० लाख जीएसटी. तो जीएसटी पुढच्याच महिन्यात मी पदरचा भरला. पैसे आले आठव्या महिन्यात. तोवर पगार बायकोची एफडी मोडून केले. हातात ऑर्डर असताना शटर पाडलं. यात घाबरण्याचा काय संबंध?

पवईचा: पोस्ट माझीच, आणि मी ठाम आहे. एका बिलाने बुडणारा धंदा मुळात कच्चा. खेळत्या भांडवलासाठीच गुंतवणूकदार आणायचा असतो. गुंतवणूकदाराकडून घेतलेल्या जादा पैशावर स्टार्टअपला लागणारा एंजल टॅक्सही २०२४च्या बजेटमध्ये काढला, आता काय अडचण? आणि निम्मे पैसे ॲडव्हान्स का नाही घेतले?

भांडुपकर: मागितले होते. पर्चेसवाला म्हणाला, "९० दिवस जमत असेल तर बोला, बाहेर दहा जण उभे आहेत."

चेंबूरची सीए: लघुउद्योग म्हणून सरकारकडे उद्यम नोंदणी होती ना? मग लघुउद्योगांच्या २००६च्या कायद्याने बिल ४५ दिवसांच्या वर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं, तेही चक्रवाढ. थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार का नाही केलीत?

भांडुपकर: ताई, तक्रार केली की त्या दारात पुन्हा पाऊल ठेवता येत नाही. माझं निम्मं काम तिथूनच यायचं.

मुलुंडची आई: बिलं राहू द्या, बसायचं कुठे ते सांगा. मुलाने आमच्या हॉलमध्ये तीन मित्रांसोबत काम सुरू केलं, तर सोसायटीने लिफ्टशेजारी नोटीस लावली. नावासकट. ओला २०१० साली मुंबईत सुरू झाली आणि बंगळुरूला गेली. उगाच गेली का?

ठाण्याचा सेक्रेटरी: मी सेक्रेटरी आहे म्हणून बोलतो. रात्री दोनला बेल वाजते, जिन्यात चपलांचा ढीग, वॉचमनला शिव्या. राहत्या घराचं ऑफिस करायचं आणि वर आम्हीच वाईट?

मुलुंडची आई: चार पोरं लॅपटॉपवर टायपिंग करतात, त्याचा कसला आवाज? वरच्या मजल्यावर क्लासला वीस मुलं येतात, त्यांना नोटीस नाही!

ठाण्याचा सेक्रेटरी: त्या क्लासचं मला नका विचारू, ती तुमची सोसायटी. आमच्याकडे दोघांनाही बंदी आहे.

पवईचा: अहो, सोसायटीची मीटिंग इथे नको. आणि सगळे बंगळुरूला पळत नाहीत. बुकमायशो १९९९ पासून इथलीच, नायका २०१२ पासून.

मुलुंडची आई: मीटिंग तुम्हाला नको, कारण तुमच्याकडे ऑफिस आहे. अंधेरीत डिपॉझिटच किती मागतात, विचारून या. मग मुलांना घाबरट म्हणा.

पवईचा: ठीक आहे. मराठी मुलांबद्दलचं वाक्य मागे घेतो, ते लिहायला नको होतं. पण एकाच गिऱ्हाइकावर निम्मा धंदा टांगणं चूकच, त्यावरून हटणार नाही.

भांडुपकर: ती चूक माझी, कबूल. दुसरं गिऱ्हाईक शोधायला वेळच उरत नव्हता. आठवड्यातले दोन दिवस त्यांच्या अकाउंट्समध्ये बाकड्यावर बसून जायचे. दोन बिलं अजून यायचीत.

चेंबूरची सीए: आता तिथलं काम नाही, म्हणजे भीतीही नाही. बिलं, पीओ (त्यांनी दिलेल्या लेखी ऑर्डरी) आणि ईमेल घेऊन शनिवारी या. फी नको.