१९७३ची रोल्स-रॉइस कॉर्निश विक्रीस आहे. विसार देण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न
नमस्कार. मी बर्मिंगहॅममध्ये राहतो. येथील एका विक्रेत्याकडे १९७३ची, उघडत्या छताची कॉर्निश आहे. लंडनमध्ये मलिनर पार्क वॉर्डच्या कारागिरांनी घडवलेली बॉडी, ६,७५० सीसीचे व्ही-८ इंजिन आणि अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड असे जाहिरातीत लिहिले आहे. रंग आणि कातडी आसने नव्यासारखी दिसतात, तरी किंमत अशा इतर गाड्यांपेक्षा बरीच कमी आहे. यात मेख काय असावी?

पहिला प्रतिसाद
नवा रंग पाहून मी तरी आधी सावध झालो असतो, कारण त्याखाली गंज दडलेला असू शकतो. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. सारा भार बॉडीच पेलते आणि वर पक्के छत नसल्यामुळे दारांखालच्या सिलवर (बॉडीच्या लांब पट्टीवर) तो अधिकच येतो. दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे तिथे गंज दिसणार नाही, म्हणून गाडी लिफ्टवर चढवून सिल आणि चाकांच्या कमानी आतून पाहाव्यात. विक्रेता लिफ्टला नकार देत असेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रतिसाद
माझ्या मते खरा खर्च हायड्रॉलिक्सचा असतो. ब्रेक आणि मागची उंची सांभाळणारी यंत्रणा द्रवाच्या एकाच उच्च दाबावर चालते. इंजिन बंद करून, इग्निशन चालू ठेवून ब्रेकचे पेडल पुन्हा पुन्हा दाबावे. मोजक्याच दाबांत धोक्याचे दिवे लागले, तर हा दाब साठवणारे अ‍ॅक्युम्युलेटर दुरुस्तीला आले आहेत. या वर्षीच्या गाडीत आरआर३६३ हे द्रव लागते, नंतरच्या मॉडेलांतले खनिज तेल नव्हे. चुकीचे द्रव पडले की रबरी सील खराब होतात आणि सगळी यंत्रणा उघडावी लागते. त्यामुळे द्रव बदलल्याच्या पावत्या मागाव्यात.

तिसरा प्रतिसाद
चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रचनेत मोठे बदल न केलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही, त्यामुळे अलीकडचा अहवाल नसणे बेकायदा ठरत नाही. तरी विक्रेत्याला स्वेच्छेने एमओटी करून देण्यास सांगावे आणि जुने अहवाल सरकारी संकेतस्थळावर पाहावेत. सिल गंजल्याचा शेरा पूर्वी पडला असल्यास नव्या रंगाचे कारणही उमगेल. छताचे कापड मात्र शेवटी पाहिले तरी चालेल.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. विक्रेता लिफ्टला तयार आहे, पण द्रव बदलल्याची एकही पावती त्याच्याकडे नाही. आता या गाड्यांच्या जाणकार मेकॅनिककडून हायड्रॉलिक्सच्या खर्चाचा अंदाज घेईन आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करूनच बोलणी करीन.