मॉकचे गुण आणि खरी नीट
ताई, मुलीला क्लासच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, ६०० पडतात, तर खऱ्या नीटमध्येही (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत) तेवढेच धरायचे का, असं विचारलंत. कृपा करून धरू नका. माझा मुलगा २०२५ला बसला होता. त्या वर्षी पेपरची वेळ २०० मिनिटांवरून १८० झाली, ऐच्छिक प्रश्न गेले, आणि फिजिक्सने भल्याभल्यांना रडवलं. कॉलेज रोडच्या त्याच्या क्लासमधलं फिजिक्स सूत्र घातलं की सुटायचं. खऱ्या पेपरात एकेका गणिताला पान भरत होतं. बायोलॉजी मात्र बरंचसं जुळलं, कारण दोन्हीकडे आधार एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांचाच.

शिवाय क्लासच्या टेस्ट सकाळी गारव्यात. खरा पेपर दुपारी २ ते ५, मे महिना, दीडला गेट बंद. म्हणून शेवटचा महिनाभर दर रविवारी दुपारी २ला मी त्याला ओएमआर, म्हणजे गोळे भरायची उत्तरपत्रिका, छापून द्यायचे, सोबत काळं बॉलपेन. पहिल्याच रविवारी एक ओळ चुकली आणि पुढचे अकरा गोळे सरकले! तो पांढराफटक पडला होता. पेनाने भरलेला गोळा खोडता येत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

तुमच्या मुलीचे ६०० नेमके कसे येतात, ते बघा. चुकलेल्या उत्तराला १ गुण कापला जातो. अंदाजाने मारलेले किती आहेत, तिला विचारा.